जहागीरदाराला कुणी मारलं?

जुनं पुस्तक घ्यायचं तर आधी शेवटचं पान उघडायचं, मजकुरावर तळहात ठेवायचा आणि पानं शाबूत आहेत का एवढंच बघायचं. वाचायचं नाही. हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा नियम. साताऱ्याकडच्या आमच्या गावी बाजारातल्या पुस्तकांच्या ढिगापुढे बसून त्यांनी तो मला लहानपणीच शिकवला होता. आणि एवढा नियमाचा माणूस नवी मुंबईत उलव्याला माझ्याकडे राहायला आल्यावर पहिल्याच खरेदीत फसला. मी स्कूटरचा हॉर्न वाजवत होते म्हणून घाई झाली, असं त्यांचं म्हणणं.

बेलापूरच्या कचेऱ्या शनिवार-रविवार बंद असतात. तिथल्या एका बंद फाटकासमोर एक जण ताडपत्री अंथरून जुनी पुस्तकं मांडतो. अण्णांना मी जवळजवळ ओढतच तिथे नेलं होतं. त्यांनी एक रहस्यकथा उचलली. जहागीरदाराला दुधातून विष दिलेलं आणि घरातल्या झाडून सगळ्यांवर संशय. अण्णा जेवणखाण विसरून वाचत सुटले, तर शेवटची पानंच गायब! "मारलं कुणी त्याला, जावईबापू?" असं ते माझ्या नवऱ्याला दरडावून विचारायला लागले. तो बिचारा दूध प्यायचा थांबला.

मला मात्र आतून बरं वाटलं. उलव्याला आल्यापासून अण्णा आपणहून लिफ्टपर्यंतही जात नव्हते. इथे बोलायला कोण आहे, म्हणायचे आणि गॅलरीत बसून राहायचे. त्यांना इथे आणून आपण चूक तर केली नाही ना, ही भीती मला खात होती. आता रविवार उजाडला की ते माझ्याआधी चप्पल घालून दारात उभे. त्या पुस्तकाची दुसरी प्रत शोधायची होती ना!

प्रत काही मिळेना, पण ताडपत्रीपाशी अण्णांचं बस्तान बसलं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना आमची केस तोंडपाठ झाली. खारघरहून येणारी कॉलेजातली एक मुलगी दिवाणजींवर संशय घ्यायची. एक म्हातारे वकील डॉक्टरला सोडायला तयार नव्हते. अण्णा दर रविवारी नवा आरोपी पकडून आणायचे. कधी माळी, कधी आचारी.

गेल्या रविवारी अण्णा वकिलांबरोबर समोरच्या टपरीवर चहाला गेले होते. मी उगाच स्वयंपाकाची पुस्तकं चाळत होते आणि त्यांच्या तळाशी सापडलं. तेच पुस्तक! मी शेवटावर तळहात ठेवला. पानं शाबूत. मी अण्णांना हाक मारणार, तेवढ्यात पुस्तकवाला लगबगीने पुढे आला.

"ताई, हळू! काकांनी बघितलंय ते."

"कधी?"

"झाला की महिना. इथंच उभं राहून शेवट वाचला. मग मला बोलले, हे खाली दाबून ठेव, विकू नको. पोरीला कळलं तर माझा रविवार बंद."

खुनी माहीत असताना हा माणूस महिनाभर त्या गरीब आचाऱ्यावर आळ घेत होता! मला हसू आलं आणि डोळेही भरले. पलीकडे अण्णा वकिलांना टाळी देऊन खदाखदा हसत होते. मी पुस्तक होतं तिथेच सरकवलं आणि वर केकची दोन जाडजूड पुस्तकं ठेवली.

अण्णा परत आले. "घावलं का गं?"

"नाही हो, अण्णा."

"घावंल, घावंल. म्होरल्या रविवारी बघू," ते अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले.

परतताना पामबीच रस्त्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली, तसे ते मागून माझ्या कानाशी वाकले.

"मला आता त्या जहागीरदाराचाच संशय येतोय. त्यानं आपल्या हातानंच घेतलं असंल."

"मग तर शोधायलाच पाहिजे," मी म्हटलं.

खुनी कोण ते मला अजून माहीत नाही. अण्णांनी इतक्यात सांगू नये, एवढीच इच्छा आहे.