बिंदू क्रमांक सतरा

आमचं घर तळ्यात आहे, हे मला वर्गात कळलं.

पडद्यावर जबलपूरचा नकाशा होता. आमच्याच गटाने केलेला. सर काठीने एकेक तळं दाखवत होते. कोणतं बुजलं, कोणतं उरलं. कांचघर मोहल्ल्याच्या मागे, नाल्याच्या कडेला काठी थांबली. तिथे एक निळा डाग होता.

"और ये देखिए," सर म्हणाले. "ये तो किसी पुराने रिकॉर्ड में भी नहीं है. बच्चों ने ढूँढा है."

मी उभी राहिले. ठरवून नाही, उठलेच.

"सर, वहाँ तालाब नहीं है. घर हैं."

"तुम्हें कैसे पता?"

उत्तर तोंडात होतं. मी तिथे राहते. पण वर्गात मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आम्ही कांचघरला मेन रोडवर राहतो. तीन वर्षं तेच सांगत आले होते. मी म्हणाले, "देखा है."

"तैर के देखा क्या?" मागून ईशान म्हणाला. ईशान आमचा गटप्रमुख, बापाचे बिल्डिंगचे ठेके. वर्ग हसला. सरही हसले. "बैठो, बैठो. इतना शक है तो सतरह नंबर का पॉइंट तुम ही वेरिफाय करो."

मी बसले. आणि थोडं हसलेसुद्धा. हे लिहिताना लाज वाटते, पण हसले.

आमचा अभ्यासक्रम दुहेरी होता. पाच वर्षांत दोन पदव्या. एक भूमाहितीशास्त्राची, म्हणजे उपग्रहाच्या फोटोवरून कॉम्प्युटरवर नकाशे करायचे. दुसरी जनसंवादाची, म्हणजे त्या नकाशात काय आहे ते लोकांना समजेल असं लिहायचं, बोलायचं. सकाळी एक विभाग, दुपारी दुसरा. वस्तीत हे कुणाला समजावता समजावता नाकी नऊ यायचे. शेजारची काकू मायला म्हणायची, "पोरगी दोन डगरींवर पाय ठेवून राहिली. पडन एखाद दिवशी." माय चार घरची भांडी घासते. ती मान ताठ करून सांगायची, "नकाशे काढते आन् बातम्या लिहते. लोकायच्या पोरी एक शिकून राहिल्या, माही दोन शिकून राहिली."

पहिल्या दिवशी सर मला पाहून खूश झाले होते. त्यांचं घराणं मराठ्यांच्या काळात चाकरीला इकडे आलेलं, पिढ्यान् पिढ्या इथेच मुरलेलं. हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबले. "अरे वा, मराठी? छान, छान. आडनाव काय?" मी सांगितलं. हिंदी माणसाला आमच्या आडनावातून काही कळत नाही. मराठी माणसाला जात कळते. सर रजिस्टरात पाहत राहिले. मग म्हणाले, "अच्छा. ठीक है, बैठो."

त्यानंतर सर माझ्याशी हिंदीतच बोलले. माझ्या शेजारच्या बाकावर दुसरी एक मराठी मुलगी होती, तिच्याशी मराठीत. माझी बोली नागपूरकडची, म्हणून नकोशी वाटली असेल असं मी स्वतःला समजावलं असतं. पण तिला तर 'सत्तावन्न' म्हणतासुद्धा येत नव्हतं.

दुपारच्या विभागातही तोच रंग. जनसंवादाच्या मॅडम भल्या होत्या, प्रेमाने बोलायच्या. प्रेमानेच म्हणाल्या, "लिखती बहुत अच्छा हो. पर आवाज़ थोड़ी बस्ती वाली है. स्टेज पे ईशान बोलेगा, तुम लिखो." मग मी लिहीत गेले. ईशान बोलत गेला. टाळ्या त्याला.

आता ते तळं कुठून आलं, ते सांगते. आमच्याकडची घरं कवेलूंची, म्हणजे कौलांची. माकडं उड्या मारतात, कवेलू फुटतात. दरवर्षी नवे कुठून आणणार? म्हणून सगळ्यांनी वरून निळी प्लास्टिकची पन्नी अंथरलेली, कडेला विटा ठेवलेल्या. घराला घर लागून, त्यामुळे आभाळातून पाहिलं तर सगळं एकच निळं. कॉम्प्युटरला माणूस कळत नाही, रंग कळतो. त्याला एक तुकडा दाखवायचा आणि सांगायचं, हे पाणी. मग तो शहरभर तसला रंग दिसेल तिथे पाणी, पाणी म्हणत सुटतो. तो पहिला तुकडा निवडायचं काम ईशानचं होतं. त्याने त्यांच्या कॉलनीतला स्विमिंग पूल दाखवला. नर्मदेच्या गावात राहणाऱ्या मुलाला पाणी म्हटल्यावर स्विमिंग पूल आठवला!

नर्मदा अर्थातच त्या रंगात बसली नाही. तिलवारा घाटाजवळ ती हिरवट, मातकट दिसते. कॉम्प्युटरने तिला शेत ठरवलं. ते पाहून सर पोट धरून हसले. "अरे, मैया को खेत बना दिया!" लगेच सगळ्यांना बसवलं आणि एका दुपारीत हाताने काठ आखून घेतले. नर्मदा तिथे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमची वस्ती तिथे आहे हे त्या खोलीत एकटीला ठाऊक होतं, आणि ती एकटी मेन रोडवर राहत होती.

नकाशा झाला की पाहणी करावी लागते. वीस बिंदू निवडायचे, प्रत्येक ठिकाणी जायचं, आहे ते फॉर्मवर लिहायचं, खाली सही करायची. नियम असा. रीत वेगळी. रीत अशी की बडा फुहाऱ्याच्या बाजारात जलेबीच्या दुकानात बसायचं आणि वीसही फॉर्म तिथेच भरायचे. आधीच्या वर्गांनी तेच केलं होतं. सरांनाही माहीत होतं.

ईशानने सतरावा फॉर्म स्वतः भरला. 'तालाब. पानी मौजूद. किनारे पर अतिक्रमण.' आणि माझ्याकडे सरकवला.

"साइन कर. तेरे नाम पे है."

"मैं एक बार जाके देख आती हूँ."

"पागल है? वहाँ नाले की बास आती है. कौन जाता है उधर?"

तो चिडवत नव्हता. खरंच विचारत होता. म्हणून जास्त लागलं. मी अंगावरच्या कुर्त्याचा वास घेतला, कुणाला दिसणार नाही असा. मग सही केली. भीती मार्कांची नव्हती. वाद घातला असता तर त्यांनी विचारलं असतं, तुला एवढं काय पडलंय? त्या वासातली पोरगी मीच आहे हे त्यांना कळू नये, म्हणून मी माझं घर लिहून दिलं.

त्याच संध्याकाळी घरी गेले तर माय शिडीवर. पन्नी एका बाजूने सुटली होती. "तो कोपरा धर," ती वरून म्हणाली. मी धरला. निळा प्लास्टिकचा कोपरा. हातात धरून उभी राहिले.

"माय, नकाशात आपलं घर नाही."

"काहून?"

"पाणी दाखवलं हाये तिथं. तळं."

"कोनं काढला नकाशा?"

"आमीच."

माय शिडीवरून खाली आली. हात पदराला पुसले. "तू होती तिथं?"

"होती."

"मंग?"

एवढंच. मंग. रागावली नाही, रडली नाही. खरंच उत्तर हवं होतं तिला, मला दोन दोन कामं येतात ना, म्हणून. मी कोपरा पुन्हा ओढून धरला. ती पुन्हा शिडी चढली आणि तिने वीट ठेवली. तेवढी लाज मला वर्गात वाटली नव्हती. वर्गात मला माझ्या घराची लाज वाटत होती. त्या दिवशी पहिल्यांदा माझी वाटली.

सादरीकरणाला शहराच्या नियोजन खात्यातले एक साहेब आले होते. मधोमध बसलेले, समोर हार. आमचा नकाशा ते नेणार होते. ईशान माईकवर, मी कॉम्प्युटरवर, चित्रं पुढे सरकवायला. बोलणं माझंच लिहिलेलं, तोंड त्याचं. सतरावं चित्र आलं. निळा आकार, भोवती लाल रेघ.

"यहाँ से अतिक्रमण हटाकर इस खोए हुए तालाब को..."

हे वाक्यसुद्धा माझंच. चांगलं जमलंय असं मॅडम म्हणाल्या होत्या.

मी चित्र पुढे सरकवलं नाही. ईशानने डोळ्यांनी खुणावलं. मी उठले, माईकजवळ गेले. माईक मागितला नाही. माझा आवाज बस्तीवाला आहे, त्याला माईक लागत नाही.

"सतरह नंबर पे दस्तखत मेरे हैं. झूठे हैं. मैं वहाँ जाँचने नहीं गई. मैं वहाँ रहती हूँ."

मी बोलत राहिले. निळी आहे ती पन्नी आहे. खाली कवेलू आहेत. त्याखाली माणसं आहेत. पाण्याचा नमुना स्विमिंग पूलचा आहे. वीसही फॉर्म जलेबीच्या दुकानात भरलेत.

"बाद में बात करेंगे," सर म्हणाले. "बैठ जाओ."

"नहीं बैठूँगी. पहले लिखवाइए कि वहाँ घर हैं."

साहेबांनी पेन काढलं, नकाशावर कडेला काहीतरी लिहिलं, घड्याळ पाहिलं आणि चहाचं विचारलं. काय लिहिलं ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी खोलीत बोलावलं. खुर्ची दिली. आणि मराठीत बोलले.

"हे बघ बाळा, आपल्या माणसांनी आपल्याच विभागाची अशी शोभा करायची नसते. दोन ओळी लिहून दे, भावनेच्या भरात बोलले म्हणून. मी मार्कांचं बघतो."

आपल्या माणसांनी. ही मराठी ऐकायला मी तीन वर्षं कान टवकारून बसले होते. आता मिळत होती, आणि तिची किंमत दोन ओळी होती.

"सर, भावनेच्या भरात मी सही केली होती," मी म्हणाले. "बोलले ते शुद्धीत."

खोट्या पाहणीबद्दल शून्य मिळालं. मला एकटीला. कारण कबूल एकटीने केलं होतं. एकोणीस खोटे फॉर्म पास झाले, ईशानला पहिला वर्ग. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर मीही संन्यासी नव्हते. सही माझी होती. ते शून्य मी घेतलं, वाद घातला नाही. पण जनसंवादाची पदवी वेळेत हातात येईल आणि नकाशाची अडकून राहील, हे आता मायला कसं सांगू, याची जुळवाजुळव करत घरी गेले.

सांगितलं. माय म्हणाली, "आन् घर?"

मग आम्ही दोघी निघालो. दारोदार. माझ्या हातात फोन, जागा नोंदवायला. माय पुढे, नाव विचारायला. लाइटचं मीटर कुणाच्या नावावर, किती वर्षं झाली, दाराचं तोंड कुठे. काकूने दारातच अडवलं. "काहून लिहून राहिली? पाडायले येऊन राहिले का?" मी खोटं बोलले नाही. "येऊ शकते," म्हणाले. "म्हनूनच लिहून राहिली." तिने तिचं पूर्ण नाव सांगितलं, सासऱ्याच्या नावासकट, आणि बरोबर लिहिलं का ते पुन्हा वाचून घेतलं.

त्या नोंदींवरून मी वस्तीचा नकाशा केला आणि नियोजन खात्यात दिला. पोच घेतली. उत्तर नाही. पुन्हा दिला. पुन्हा पोच. बुलडोझर आलेला नाही. येणार नाही असंही कुणी सांगत नाही. रस्त्यात जड गाडीचा आवाज आला की माय भांडं हातातच धरून थांबते.

यंदा नकाशाचा तो पेपर मी पुन्हा देते आहे. तपासणारे सर तेच आहेत. वीस बिंदू पुन्हा निवडायचे आहेत. या वेळी वीसही ठिकाणी मी पायी जाणार आहे, आणि ज्या घरासमोर उभी राहीन त्याच्या मालकाचं नाव फॉर्मवर लिहिणार आहे. त्यांनी पुन्हा शून्य दिलं, तर पुन्हा बसेन. दोन्ही पदव्या मी घेणार आहे. त्या दोन ओळी लिहून देणार नाही.