येते हं, मावशी
कॅलिफोर्नियातल्या आमच्या सनीव्हेलच्या घरात धूप लावला की मेक्सिकोतलं ते डोंगरावरचं जुनं गाव आठवतं. २००६ च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं तिथे एका बाईंच्या घरी उतरलो होतो. आमच्या खोलीत त्यांच्या वारलेल्या आईचा फोटो, पुढे झेंडूची फुलं आणि असाच धुराचा वास. बाहेर पडताना सवयीने मी रोज फोटोला म्हणायचे, "येते हं, मावशी." नवरा हसायचा, "तिला मराठी कुठे कळतंय!" शेवटच्या सकाळी बाईंनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "'येते' म्हणजे काय? तुम्ही गेलात की रिकाम्या खोलीतून रोज ऐकू येतं. आवाज आईचा असतो." मी बॅग उचलली. निघताना फोटोला मी जन्मात पहिल्यांदा "जाते" म्हणाले. तरी अजून, धूप विझेपर्यंत मी दाराकडे पाठ करून बसत नाही.