महिपतीच्या डोणीतले मासे

कऱ्हाटीच्या महिपतीला वांगी चांगली पिकवता यायची, बैलांच्या मनातलं कळायचं. पण मोट हाकता हाकता हा माणूस मध्येच कुठं हरवतो, हे कुणाला कळायचं नाही. बैल विहिरीच्या उतरत्या धावेवर उभे राहायचे, आणि महिपती मोटेतून कोसळलेल्या पाण्याकडं टक लावून बसायचा.

"सोनं दिसतंय का काय पाण्यात?" बायको द्वारकाबाई विचारायची.

तिला दर भाद्रपदात हिवताप धरायचा. चौपन्नच्या पावसाळ्यात हिवताप खात्याचे मोहनराव पत्र्याचा डबा घेऊन मळ्यात आले. विहिरीशेजारी जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण होती, तिच्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मोहनरावांनी डब्यातले बोटाच्या पेराएवढे मासे डोणीत सोडले.

"गप्पी मासे, तात्या. अळ्या खातात. अंडी घालत नाहीत, पिलंच देतात. पोटाच्या मागं काळा ठिपका दाटला की समजा, मादी भरलीय."

मग काय, महिपतीला बघायला जगच मिळालं. आश्विनातल्या उबदार पाण्यात पिलं झाली, नुसते डोळे आणि शेपटी. शेवाळात ती लुकलुकायची तेव्हा त्याला वाटायचं, आभाळच खाली उतरलंय आणि आपण वरून चांदण्या बघतोय.

पौषात थंडी पडली. उघड्यावरच्या डोणीतलं पाणी सकाळी बोटांना चावायचं. मासे तळाशी निपचित, कल्ले हलतात न हलतात. भरलेल्या माद्या ठिपके घेऊन तशाच राहिल्या, पिलं काही होईनात. पोटातच झोपी गेली असतील, असं महिपतीच्या मनात येई.

विहिरीच्या पाण्यावर मात्र पहाटे वाफ तरंगायची. त्यानं पहिली मोट सरळ डोणीत वळवली. एकदम ऊन पाणी आलं तसे दोन मासे उलटे झाले आणि गेले. त्या दिवशी महिपतीला भाकरी गोड लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो पाण्याला हातानं अडवून बारीक धार सोडू लागला. मासे हळूहळू वर सरकायचे, जागे व्हायचे.

"अवं, बैलांच्या आधी माशांना न्हाऊ घालता व्हय? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. गारठल्यात बिचारी."

माघ सरता सरता पिलं दिसली.

वैशाखात भाचीच्या लग्नाला तो इंदापूरला गेला. पाव्हण्यांनी सोडलं नाही, मुक्काम वाढला. मांडवात दुपारी डोळा लागला तर स्वप्नात तोच पाण्यात होता. पाणी तापलेलं, वर तोंड काढून श्वास घेतोय आणि श्वास पुरत नाही. जागा झाला तो गाडी जुंपूनच निघाला.

मळ्यात पोचला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. डोणीवर चार काठ्या रोवून उसाच्या पाचटाचं छप्पर घातलेलं. शेजारी द्वारकाबाई, पदर ओला, घागरीतून काठाकाठानं पाणी सोडत होती.

"परवा समदी वर येऊन तोंडं वासत हुती," ती त्याच्याकडं न बघताच म्हणाली. "पाणी कढल्यावानी तापलं हुतं. चार गेली. मग हिरीतलं गार पाणी आणलं. एकदम न्हाय घातलं."

महिपतीनं तिच्या हातातली घागर घेतली.

त्या भाद्रपदात तिला ताप आलाच. शेजाऱ्यांच्या डोणीतले डास कुणाचं ऐकणार? उठून बसता आलं तशी ती तांब्यात मासे घेऊन वस्तीभर हिंडली. लोक हसले, पण नको कुणी म्हणालं नाही. पुढच्या वर्षी ताप फिरकला नाही. माशांमुळं की खात्यानं घराघरात मारलेल्या औषधाच्या फवाऱ्यामुळं, कोण सांगणार.

तेव्हापासून दुपारी मोट सुटली की नवरा-बायको दोघंही डोणीच्या काठाशी बसायची. पाण्यात काहीतरी लुकलुकायचं, पुन्हा शेवाळात शिरायचं. फडक्यातली भाकरी वाळून कडक व्हायची, तरी उठायचं कुणाच्या मनात यायचं नाही.