बरणीभर स्ट्रोप

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सिंगापुरात तोआ पायोहला जाताना एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, ती साठीची डच बाई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर काकवीसारख्या दाट पाकाची बरणी होती आणि ती सारखी तिचं झाकण घट्ट करत होती. मी बघतोय असं पाहून म्हणाली, “याला आम्ही स्ट्रोप म्हणतो. शब्द मूळचा अरबी, ‘शराब’. म्हणजे नुसतं पेय.”

“मग आमचं सरबत याचं चुलत भावंडच!” मी म्हणालो. ती खळखळून हसली.

मग तिने सांगितलं, मुलाच्या लग्नात तिने चिनी विहिणीच्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती. तेव्हापासून अबोला होता. आता नात झाली होती.

“खुशामत करण्याला आमच्याकडे तोंडाला स्ट्रोप फासणं म्हणतात,” ती म्हणाली. “मला ते जमत नाही. म्हणून विहिणीकडे बरणीच घेऊन चाललेय.”

आम्ही बरोबरच उतरलो. गेटबाहेर एक बुटकी चिनी आजी तान्ह्या बाळाला घेऊन उभी होती. तिच्यासमोर ही शब्द शोधत अडखळली.

“सॉरी नंतर म्हण, लाह,” आजी सिंगापुरी ढंगात म्हणाली. “आधी हिला घे. माझे हात भरून आलेत.”