उकळत्या पाण्यात गेलेली पट्टी

"हे काय, शिंपीदादा? इस्त्री फिरवलीत की काय हिच्यावर?"

पट्टीवाल्या बाईंनी तो सपाट पांढरा तुकडा उलटसुलट करून पाहिला. बाबा हसले नाहीत. उजवा हात डाव्या हातात तान्ह्या बाळासारखा धरून ते बसले होते.

नऊ दिवसांपूर्वी दुकानाची फुटलेली काच सावरताना त्यांच्या तर्जनीतली, बोट मिटवणारी दोरी तुटली होती. डॉक्टरांनी ती शिवली आणि ती शिवण जपायला बाईंनी प्लास्टिकची ही पट्टी घडवली. हाताच्या मागच्या बाजूने, मनगट आणि बोटं आत वळलेली राहतील अशी. सहा आठवडे काढायची नव्हती. बोट ताणलं गेलं आणि टाका तुटला, तर बाबांच्या हातात पुन्हा कात्री येणं अवघड होतं.

"वास येत होता हो," आई म्हणाली. "काढली आणि उकळत्या पाण्यात टाकली. मला वाटलं, स्वच्छ होईल."

"मी नको म्हणत होतो."

"हो, नको नको म्हणत पट्टीचे बंद कोण सोडत होतं?"

बाई खुर्ची ओढून बाबांसमोर बसल्या. बाबांचं मनगट दोन बोटांवर तोललं आणि अगदी हळू, जरासंच मागे केलं. तर्जनी आपोआप आत वळली.

"शाबूत आहे. दोरी तुटली असती तर बोट हललंच नसतं."

मग कुठे आईला रडू फुटलं.

"वहिनी, चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "काढू नका एवढंच सांगितलं, गरम पाण्याचं बोललेच नाही. ही कारखान्यात सपाट जन्मली. कितीही वाकवा, गरम पाण्यात गेली की हिला माहेर आठवतं."

"म्हणजे मीच तिला माहेरी धाडली!" आई डोळे पुसत म्हणाली.

"धाडलीत, आता आणायलाही तुम्हीच चला."

नवा तुकडा कापावा लागलाच नाही. विजेवर तापणाऱ्या पसरट भांड्यातल्या पाण्यात बाईंनी तो जुनाच सोडला, शेजारच्या थर्मामीटरकडे बघत. पांढरं प्लास्टिक बघता बघता काचेसारखं आरपार झालं. बाईंनी ते पंच्यावर टिपलं, आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं आणि मगच बाबांच्या हातावर पांघरलं. रोजच्या या परीक्षेने त्यांची तिथली कातडी कायम लालसर असते. पूर्वी त्या चपलांच्या कारखान्यात होत्या. तो बंद पडला, तेव्हा चाळिशीत हे काम शिकल्या. "चामड्याला ओलं करावं लागतं, ह्याला गरम. बाकी पाय काय आणि हात काय!" असं त्या म्हणतात.

"वहिनी, मनगट असं धरा. चार मिनिटं. बोला हवं तेवढं, हलू नका."

आई मूर्तीसारखी उभी राहिली. प्लास्टिक तिच्या हाताखाली हळूहळू पुन्हा पांढरं आणि टणक होत गेलं.

"अगं, किती दाबतेस?" बाबा कुरकुरले.

"गप्प बसा. निदान आज तरी माझ्या हातात आहात."

त्या दिवसापासून बाई प्रत्येक पेशंटच्या घरच्या माणसाला दारात अडवतात. "पट्टी कशी पुसणार? बोलून दाखवा. ओल्या फडक्याने? थंड की गरम?" उत्तर चुकलं की माणूस परत खुर्चीत.

तिसऱ्या महिन्यात बाबांनी त्यांच्यासमोर मूठ वळली. तर्जनी तळव्यापासून बोटभर अंतरावर थांबली.

"पूर्ण नाही मिटत हो," बाई नाराजीने म्हणाल्या.

"कात्रीपुरती मिटते की," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातून टेप काढून आईच्या हातात दिली. "उभ्या राहा बाई. ब्लाउजचं माप घेऊ द्या हिला. कापणार मी आहे."