अकरा माणसांचे वजन

धारूरजवळच्या डोंगरातल्या एका वस्तीची वाट मे महिन्यातल्या एका सकाळी जीपने दोनदा चढून पाहिली. पहिल्यांदा मोकळ्या जीपने, दुसऱ्यांदा भरलेल्या. वर्ष दुष्काळाचे होते. जीप सहकारी साखर कारखान्याची होती. बीडच्या एका दैनिकाचा बातमीदार म्हणून मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो.

ऊस नसल्याने कारखाना लवकर बंद झाला होता. मळी वाहणारा टँकर धुऊन कारखान्याने पाण्यासाठी दिला होता. वाट आधी जीपने पाहायची आणि ड्रायव्हर हो म्हणेल तिथेच टँकर पाठवायचा, असे ठरले होते. त्या उन्हाळ्यात मी त्याच्याबरोबर बालाघाटातल्या कितीतरी वाटा पाहिल्या. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, कोरडे ओढे, पाने झडलेली सीताफळीची झुडपे. जीपच्या पत्र्याला हात लावता येत नसे. आरशाला टांगलेल्या कापडी छागलीतले पाणी मात्र दुपारपर्यंत गार राही. त्याची चव अजून आठवते.

या वस्तीच्या बाया पायथ्याच्या विहिरीवरून पाणी डोक्यावर आणत. त्या आठवड्यात विहिरीचा तळ दिसू लागला होता.

मोकळी जीप फारसे न अडता वर पोचली. माणसे भोवती जमली.

"चढली की! आता धाडा टँकर, मामा," एक जण म्हणाला.

"मोकळी चढली," ड्रायव्हर म्हणाला. "टँकर काय मोकळा येणार हाय?"

"मंग?"

"बसा जीपमधी. टँकरएवढं वजन न्हाई व्हायचं, पण अंदाज येईल."

अकरा जण बसले. एक म्हातारी पुढे, माझ्या आणि दाराच्या मधे. जीप पायथ्याला उतरली आणि वळून पुन्हा चढू लागली. मधल्या वळणावर मागची चाके मुरमात फिरू लागली.

"उतरा. ढकला," ड्रायव्हर म्हणाला.

मागचे सगळे उतरले. मीही तिच्या पायांवरून बाहेर आलो. म्हातारी हलली नाही.

"उतर की, आजी."

"मी उतरल्यावर चढली, तर भरलेली चढली म्हणशील का?"

"तुझं वजन ते किती! घागरीएवढं न्हाई."

"मंग घागरीएवढं धर. पण मोज."

कुणीतरी हसले. मग उतरलेले एकेक जण परत येऊन आपापल्या जागी बसले.

"बे, तुमी बसून ऱ्हायल्यावर ढकलायचं कुणी?" ड्रायव्हरने विचारले. मागच्या एकाने वर वस्तीकडे हाक मारली.

वरून वस्तीतली बाकीची माणसे कुदळी आणि घमेली घेऊन उतरली. त्यांनी चाकांपुढचा मुरूम उपसला, खड्ड्यात दगड भरले. अकरा जण जीपमध्येच बसून होते आणि दगड कुठे टाकायचा ते सांगत होते.

"वरातीला निघालाव का बे?" खालून एकाने विचारले.

"नवरी पुढं बसलीय," मागच्या बाकावरून उत्तर आले. म्हातारीने मागे न बघता त्याला शिवी दिली.

दीड तास गेला. ड्रायव्हरने छागल पुढे केली. अकरा जणांत ती फिरली आणि रिकामी झाली. मग त्याने पुढच्या चाकांचा गिअर टाकला. जीप वळण चढून वर गेली. कुणी उतरले नव्हते. मी मागून चालत गेलो.

ड्रायव्हरला लिहिता येत नव्हते. कारखान्याच्या कागदावर त्याने सांगितले तसे मी लिहिले: भरलेली जीप चढली, टँकर येऊ शकेल. खाली त्याने अंगठा उठवला. माझी बातमी दुसऱ्या दिवशी चार ओळींत छापून आली. तीत म्हातारी नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी टँकर वर पोचला. तोच ड्रायव्हर तो घेऊन आला होता. पाण्याला मळीचा वास होता. म्हातारीची घागर भरल्यावर ती उचलून द्यायला ड्रायव्हर खाली उतरला.