कॅलिपर, गल्ली आणि शांताकाकी

आमच्या कसबा बावड्यातल्या गल्लीत गाडीचं चाक काढून ठेवा, पाच मिनिटांत माणसं जमतात. आणि माणसं जमली की किस्सा होणारच! त्या एका रविवारचेच एवढे साठलेत, की कुणी गाडी धुताना दिसलं तरी मला एकट्याला हसू फुटतं.

झालं असं, माझ्या लेकीला, स्नेहलला, आजऱ्यात नोकरी लागली. सोमवारी आमची जुनी गाडी घेऊन एकटी निघणार होती. समोरच्या शांताकाकीनं तिला लहानपणापासून सांभाळलेलं. काकी भडकली. "पोरगीला एकटीला गाडीतनं लावून देतोस? माझ्याशी बोलू नगंस!" पंधरा दिवस अबोला. स्नेहल रोज दारात जाऊन हिरमुसून परत यायची.

तिचा मूड परत यावा म्हणून मी कॅलिपर लाल करायला घेतले. कॅलिपर म्हणजे चाकाच्या आत ब्रेकची चकती दाबून धरणारा लोखंडी चिमटा. आमच्या गाडीला पुढच्या दोनच चाकांना हायत, आणि दोन्ही गंजलेले.

*

दूधवाला थांबला. "पावणं, पंक्चर?"

"न्हाय, ब्रेक रंगवतोय."

"चाक बसवल्यावर कोण बघणार?"

"फटीतनं दिसतंय की!"

त्यानं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आधी बॉडी तरी रंगवा की राव!"

*

मी तारेच्या ब्रशनं गंज घासतोय, तेवढ्यात बायको बाहेर आली. "लग्न झाल्यापासनं घरातली एक कढई घासली न्हाई, आणि आज चाकं घासाय बसलाय!"

पण चकतीला रंग लागू नये म्हणून जुने पेपर तिनंच कापून दिले, हे सांगितलंच पाहिजे.

*

मग आले रफिकचाचा. जन्मभर गॅरेज चालवलेला माणूस. खुर्ची मागवून बसले. म्हणाले, "लाल बरोबर हाय. लाल म्हणजे थांब. ब्रेकला आणि कुठला रंग पायजे?"

बोलता बोलता त्यांनी ब्रेकची रबरी पाइप बोटानं वाकवली आणि मला खाली वाकून बघाय लावलं. पाइपला तडे गेलेले! भर रस्त्यात फुटली असती तर?

चाचांनी स्वतः जाऊन नवीन पाइपा आणल्या, बसवल्या. पाइपांतली हवा काढायला मला आत ब्रेकवर पाय ठेवून बसवलं. "दाबा! धरा! सोडा!" गल्ली पण ओरडायला लागली. एकजण 'दाबा' म्हणतोय, दुसरा 'सोडा', माझा पाय मधेच लटकलेला!

ब्रेक घट्ट लागला तेव्हा मी चाचांचे हात धरले. "चाचा, तुमचे लई उपकार झाले."

"ते ऱ्हाऊ द्या. चहात दोन चमचे साखर घाला, आणि आमच्या घरात सांगू नका!"

*

रंग मारला, वाळत ठेवला आणि जेवायला गेलो. येऊन बघतो तर दोन्ही कॅलिपरवर बोटाएवढा डाग! ओल्या रंगात कुंकू जिरलेलं, हळद तेवढी चिकटून बसलेली.

समोर काकी अंगणातल्या दगडावर बोट घासत होती.

"काकी, गाडीपाशी आलतीस व्हय?"

"मी कशाला येतोय तिकडं!" आणि लाल बोट पदरात!

मला भरून आलं. डाग स्नेहलला दाखवला आणि तसाच ठेवून चाकं बसवली. दुसऱ्या दिवशी स्नेहल निघाली तेव्हा काकीचं दार बंदच होतं. पोरगी रडतच गेली.

*

महिन्याभरानं आजऱ्यात स्नेहलच्या गाडीचं चाक उघडलं. तिथला मिस्त्री म्हणाला, "मॅडम, रंग बिघडलाय. घासून परत मारू?"

"हात लावू नका," स्नेहल म्हणाली. "ते आमच्या काकीचं बोट हाय."

हे तिनं मला फोनवर सांगितलं. मी तसाच उठून काकीच्या दारात गेलो आणि शब्दन् शब्द सांगितला. काकी तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग पदरानं डोळे पुसले.

"दोनच चाकांना लावलंय रे. मागची दोन ऱ्हायलीत. शनिवारी गाडी घेऊन ये म्हणावं तिला."